लघवीची बाटली आणि पासपोर्टचा रंग

"लपवण्यासारखं काही नसेल, तर टेस्टला घाबरायचं कशाला?"

परदेशात शिकवायला जाणाऱ्यांच्या ड्रग टेस्टचा विषय निघाला की पहिली कमेंट हमखास हीच येते. दुसरी येते, "त्यांचा देश, त्यांचे नियम. पटत नसेल तर जाऊ नका." आणि तिसरी, "लहान मुलांचा प्रश्न आहे, तिथे तडजोड नको." तिन्ही वाक्यं ऐकायला बिनतोड वाटतात. म्हणूनच आज जरा सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा, पण अर्धी वाचून भांडायला येऊ नका.

एक आधीच सांगून टाकतो. नशा करून वर्गात उभं राहणाऱ्या मास्तरांची बाजू मी घेत नाहीये. तसा माणूस कुठल्याही देशाचा असो, त्याला शाळेच्या फाटकाबाहेरच ठेवलं पाहिजे. माझं भांडण वेगळं आहे. एकाच शाळेत, एकाच स्टाफरूममध्ये दोन शिक्षक बसतात. त्यातल्या एकाची लघवी तपासायची, दुसऱ्याची नाही. आणि हे ठरवायचं कशावरून? तर तो कुठल्या वंशाचा आहे त्यावरून. याला मुलांची सुरक्षा म्हणायचं असेल तर शब्दांना काही अर्थच उरला नाही. हा सरळसरळ संशय आहे, फक्त त्यावर सरकारी शिक्का मारलाय.

हवेत बोलत नाही. दक्षिण कोरियाचं उदाहरण घ्या.

कोरियात इंग्रजीचं वेड किती, तर आपल्याकडे लातूर-कोट्याच्या क्लासेसचं जे आहे ना, त्याच्या वरताण. गल्लोगल्ली खासगी क्लासेस, त्यांना तिथे हागवॉन म्हणतात. शिवाय सरकारी शाळांतही परदेशी इंग्रजी शिक्षक. या शिक्षकांसाठी ई-२ नावाचा व्हिसा. तो मुख्यतः सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. भारत आणि कोरियाचा आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला, तेव्हा भारतीयांसाठीही दार किलकिलं झालं. पदवी आणि इंग्रजी शिकवण्याची रीतसर पात्रता असेल तर शाळेत सहायक शिक्षक म्हणून जाता येतं. म्हणजे आपल्याकडे बी.एड. करून पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसलेल्या, तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं राबणाऱ्या पोरापोरींचाही या विषयाशी संबंध आहे. 'गोऱ्यांचं काय ते गोरे बघून घेतील' असं म्हणून सोडून देण्यासारखं हे नाही.

आता हा नियम आला कसा ते बघा, कारण खरी गोम तिथेच आहे.

२००५ च्या सुमारास कोरियात इंटरनेटवर एक गट उभा राहिला. परदेशी इंग्रजी शिक्षक म्हणजे नशेबाज, बाईलवेडे, एड्स पसरवणारे, असा प्रचार त्यांनी लावून धरला. वर्तमानपत्रांनी त्याला खतपाणी घातलं. मग ऑक्टोबर २००७ मध्ये कॅनडाचा एक माणूस थायलंडमध्ये पकडला गेला. लहान मुलांच्या लैंगिक शोषणासाठी इंटरपोल त्याला शोधत होतं, आणि पकडला जाण्याआधी तो कोरियात शिकवत होता. देश हादरला. हादरणारच. कुठल्याही आईबापाच्या पोटात गोळा येईल.

सरकारने दोन महिन्यांत नवे नियम आणले. ई-२ व्हिसावर येणाऱ्याने गुन्हेगारी नोंद नसल्याचा दाखला द्यायचा, आणि ठरवून दिलेल्या रुग्णालयात ड्रग टेस्ट आणि एचआयव्ही टेस्ट करायची.

आता शांतपणे विचार करा. गुन्हा काय होता? मुलांचं शोषण. मग गुन्ह्यांचा दाखला मागणं समजू शकतो, ते योग्यच आहे. पण लघवी कशासाठी? रक्त कशासाठी? मुलांना हात लावणारा विकृत माणूस लघवीच्या बाटलीत दिसतो का? त्या माणसाची हजार वेळा ड्रग टेस्ट केली असती तरी तो सुटलाच असता. चोर घुसला खिडकीतून आणि सरकारने कुलूप लावलं शेजाऱ्याच्या दाराला.

आणि कुलूपसुद्धा सगळ्या शेजाऱ्यांना नाही. कोरियन शिक्षकांना ही टेस्ट नव्हती. पुढची गंमत ऐका. परदेशी नागरिक, पण वंशाने कोरियन, अशा शिक्षकांनाही सूट होती. म्हणजे सोलमध्ये जन्मलेल्या आईबापांचा, लॉस एंजेलिसमध्ये वाढलेला अमेरिकन पासपोर्टवाला मुलगा आला तर त्याच्याबद्दल शंका नाही. त्याच्याच वर्गात, त्याच्याच बाकावर शिकलेला दुसरा अमेरिकन आला तर त्याने बाटली घेऊन रांगेत उभं राहायचं. नियम जर अमेरिकेतल्या नशेच्या वातावरणाला घाबरून केला असता, तर दोघांनाही लागू झाला असता. तो फक्त एकाला लागू झाला, यातच सगळं आलं.

हे मी म्हणत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने म्हटलंय. उल्सान शहरात एक न्यूझीलंडची शिक्षिका प्राथमिक शाळेत शिकवायची. येताना तिने टेस्ट दिली होती, निर्दोष होती. २००९ मध्ये कराराचं नूतनीकरण करायचं तर पुन्हा ड्रग आणि एचआयव्ही टेस्ट करा, असं तिला सांगण्यात आलं. ती म्हणाली, माझ्या कोरियन सहकाऱ्यांना नाही तर मला का? तिने नकार दिला. नोकरी गेली.

बाई गप्प बसली नाही. तिथल्या यंत्रणांची दारं ठोठावली, दाद मिळाली नाही. मग २०१२ मध्ये थेट संयुक्त राष्ट्रांच्या समितीपुढे गेली. १ मे २०१५ रोजी समितीने निर्णय दिला की हा वंशभेद आहे, तिला भरपाई द्या आणि नियम बदला. या प्रकरणात एक गोष्ट बाहेर आली ती वाचून मी थक्क झालो. एचआयव्ही टेस्टकडे परदेशी शिक्षकांची मूल्यं आणि नीतिमत्ता तपासण्याचं साधन म्हणून पाहिलं जात होतं. रक्ताच्या थेंबात नीतिमत्ता! आपल्याकडच्या कुंडली बघणाऱ्यांनाही एवढं धाडस झालं नसतं.

२०१६ मध्ये कोरियाच्याच मानवाधिकार आयोगाने सरकारला एचआयव्ही टेस्ट बंद करायला सांगितलं. जुलै २०१७ मध्ये ती बंद झाली. ऑक्टोबर २०१९ मध्ये सोलच्या न्यायालयाने त्या शिक्षिकेला ३ कोटी वॉन भरपाई देण्याचा आदेश दिला, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण १८ लाख रुपये. दहा वर्षं लागली. एका बाईने एका नोकरीसाठी दहा वर्षं झगडायचं. बाकीच्या हजारोंनी काय केलं असेल? मान खाली घालून बाटली भरून दिली. कारण व्हिसा हातात, घरभाडं डोक्यावर, परतीचं तिकीट महाग.

एचआयव्हीची टेस्ट गेली. ड्रग टेस्ट मात्र राहिली.

"मग बरोबरच आहे की! नशा आणि आजार यात फरक आहे."

आहे ना, नक्की आहे. म्हणून आता टेस्टकडेच बघू. ती जे पकडायला ठेवलीये ते पकडते का?

कोरियात आल्यावर परदेशी माणसाला ९० दिवसांत नोंदणी करायची असते, आरोग्य तपासणीचा अहवाल त्यासाठी लागतो. म्हणजे टेस्टला कधी जायचं हे बऱ्यापैकी त्याच्याच हातात. आता कोकेन, हेरॉइन, मेथ यांसारख्या जहाल नशांचा माग लघवीत साधारण दोन ते चार दिवसच राहतो. गांजाचा माग मात्र नेहमी ओढणाऱ्याच्या शरीरात कित्येक आठवडे राहू शकतो. याचा अर्थ काय? अट्टल नशेबाज आठवडाभर कळ काढेल आणि निर्मळ होऊन बाहेर पडेल. आणि कॅनडात, जिथे ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे, तिथे आपल्या घरात बसून कायद्याने ओढलेला माणूस सापडेल. कोरियात पाऊल ठेवल्यापासून त्याने शिवलेलाही नसेल. मोठा मासा सुटतो, छोटा अडकतो, अशी ही जाळी.

आणि दारू? वर्गात शिक्षक झिंगलेला सापडण्याची भीती जगात सगळीकडे सगळ्यात जास्त कशाची असेल तर दारूची. आपल्या खेड्यापाड्यांतल्या पालकांना विचारा, झेडपीच्या शाळेत गांजा ओढून आलेले गुरुजी किती पाहिले आणि पिऊन आलेले किती. पण दारू काही तासांत शरीरातून निघून जाते, या टेस्टच्या यादीत ती बसत नाही. सोजूच्या बाटल्यांवर ऑफिसातल्या मैत्र्या जिथे ठरतात त्या देशात तर तो विषयच नको.

आता आपल्या स्वयंपाकघरात या. खसखस. अनारशाला लावतो ती, दिवाळीच्या लाडवात, मटणाच्या वाटणात घालतो ती. ती अफूच्याच बोंडातली बी. खाऊन नशा होत नाही, पण तिच्यावर मॉर्फिनचा अंश असू शकतो आणि तो लघवीत उतरू शकतो. ही काही थाप नाही. अमेरिकेने आपल्या सरकारी नोकरांच्या टेस्टमध्ये अफूजन्य पदार्थांची मर्यादा १९९८ मध्ये ३०० नॅनोग्रॅमवरून २,००० नॅनोग्रॅमवर नेली, त्यामागे खसखस खाणाऱ्यांचा उगाच बळी जातो हे मोठं कारण होतं. संयुक्त अरब अमिरातीत तर खसखस न्यायलाच बंदी आहे. आखाती देशांत जाणाऱ्या पोराच्या बॅगेतून आई घाईघाईने मसाल्याची पुडी काढून बघते, ती उगाच नाही.

खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, ते शरीरात जाऊन मॉर्फिनच होतं. सर्दीच्या काही गोळ्यांतलं औषध पहिल्या चाचणीला मेथसारखं भासू शकतं. म्हणून जिथे शहाणपणाने काम चालतं तिथे पहिली स्वस्त चाचणी ही फक्त चाळणी मानतात. ती पॉझिटिव्ह आली तर त्याच नमुन्याची प्रयोगशाळेत दुसरी, पक्की चाचणी होते, आणि डॉक्टर माणसाला विचारतो, बाबा रे, कुठलं औषध घेतोस? प्रिस्क्रिप्शन आहे का? या दोन पायऱ्या नसतील तर ती टेस्ट म्हणजे नशिबाचा खेळ. आणि परदेशी शिक्षकाचं नशीब फार पातळ असतं. नोकरी मालकावर, व्हिसा नोकरीवर, घर बहुतेक वेळा मालकानेच दिलेलं. एक चुकीचा कागद आला की तिन्ही एकदम जातात. गावातल्या माणसाची नोकरी गेली तर तो निदान घरी बसून वकील तरी शोधतो.

"लपवायला काही नसेल तर घाबरायचं कशाला" याचं उत्तर हे आहे. घाबरायचं, कारण खरं-खोटं ठरवणारी टेस्ट चुकते, आणि चुकली तर दाद मागायला वेळच मिळत नाही.

आता "त्यांचा देश, त्यांचे नियम."

कोणाला व्हिसा द्यायचा हे ठरवायचा हक्क प्रत्येक देशाला आहे, मान्य. पण माणसाला देशात घेतल्यावर, त्याच्याकडून कर घेतल्यावर, मुलं त्याच्या हवाली केल्यावर, नियम कामाशी जोडलेला असावा एवढी अपेक्षा चुकीची नाही. कोरियाला वंशभेदविरोधी करारावर कोणी बळजबरीने सही करायला लावली नव्हती. अमेरिकेतही शिक्षकांच्या ड्रग टेस्टवर खटले झाले. १९९८ मध्ये टेनेसी राज्यातल्या एका प्रकरणात अपील न्यायालयाने शिक्षकपदाच्या उमेदवारांची टेस्ट वैध ठरवली. २००९ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात शिक्षकांच्या सरसकट अचानक टेस्टला न्यायालयाने रोखलं. निकाल दोन तऱ्हेचे लागले, पण दोन्हीकडे प्रश्न 'शिक्षक' या कामाचा होता. कोणाच्या पासपोर्टवर कुठला शिक्का आहे, हा प्रश्नच नव्हता.

आणि गंमत म्हणजे कोरियानेही शेवटी त्या दिशेने पाऊल टाकलं. जून २०२१ पासून तिथे शिक्षकाचं प्रमाणपत्र घेणाऱ्या कोरियन उमेदवारालाही ड्रग टेस्टचा अहवाल द्यावा लागतो. म्हणजे सगळ्यांना एकच नियम लावणं शक्य होतं तर! २००७ ते २०२१ अशी चौदा वर्षं कोरियन मुलांची काळजी फक्त परक्यांच्या लघवीतच का शोधली, याचं उत्तर मात्र कोणी देत नाही.

आता शेवटचा आणि अवघड भाग. आपण स्वतः.

रायगड-रत्नागिरीतल्या कुठल्याही मोहल्ल्यात, वाडीत जा. आखाती देशात जाणाऱ्याला 'मेडिकल' या शब्दाची धास्ती काय असते ते तिथे कळेल. कधी काळी झालेल्या, पूर्ण बरा झालेल्या टीबीचा डाग एक्स-रेत दिसला, 'अनफिट' लिहून आलं, संपलं. एजंटाला दिलेले पैसे बुडाले, कर्ज डोक्यावर. तेव्हा आपण म्हणतो, हा अन्याय आहे. बरोबर म्हणतो.

आपल्या न्यायालयांनी तर याबाबतीत जगाला रस्ता दाखवलाय. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की एचआयव्ही आहे एवढ्याच कारणावरून, काम करायला सक्षम असलेल्या माणसाला नोकरी नाकारता येणार नाही. कोरियाने एचआयव्ही टेस्ट लावली त्याच्या दहा वर्षं आधी! २०१७ च्या कायद्याने आपल्याकडे नोकरीची अट म्हणून एचआयव्ही टेस्ट मागायलाच बंदी घातली. याचा अभिमान जरूर बाळगा.

पण मग जानेवारी २०१४ आठवा. दिल्लीतल्या खिडकी एक्स्टेंशनमध्ये तेव्हाचे कायदामंत्री मध्यरात्री जमाव घेऊन गेले. आफ्रिकी बायकांवर नशेचा आणि वेश्याव्यवसायाचा आरोप केला. त्या बायकांना एम्समध्ये नेऊन लघवीचे नमुने घ्यायला लावले. नशेचा अंश सापडला नाही. २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात एक मुलगा गेला, नशेमुळे गेल्याची कुजबुज झाली आणि जमावाने दिसेल त्या नायजेरियन विद्यार्थ्याला मारलं. आणि आपला गोवा? २०१३ मध्ये एका नायजेरियन माणसाचा खून झाला, पर्वरीला महामार्ग अडवला गेला, तेव्हा राज्याच्या एका मंत्र्याने नायजेरियन लोकांना कॅन्सरची उपमा दिली होती. पुण्यात काळ्या कातडीच्या विद्यार्थ्याला भाड्याने खोली द्यायची म्हटली की सोसायटीच्या ग्रुपवर पहिला शब्द कुठला येतो? प्रामाणिकपणे सांगा. 'ड्रग्ज'.

कोरियातल्या त्या इंटरनेट गटात आणि आपल्या सोसायटीच्या ग्रुपमध्ये फरक भाषेचा आहे, बाकी सगळं तेच.

मग मागायचं काय? नुसतं बोंबलून उपयोग नाही, म्हणून सरळ लिहितो.

एक. शिक्षकांची ड्रग टेस्ट करायचीच असेल तर सगळ्यांची करा. स्थानिक, परदेशी, वंशाने आपला, वंशाने परका, सगळ्यांची. नाहीतर कोणाचीच नको.

दोन. पहिल्या चाचणीवर कोणाची नोकरी जाता कामा नये. पक्की चाचणी, औषधांची विचारपूस आणि अपिलाची मुदत, तोपर्यंत व्हिसा शाबूत.

तीन. अहवाल डॉक्टर आणि संबंधित अधिकाऱ्यापुरताच. क्लासच्या मालकाला 'योग्य' की 'अयोग्य' एवढंच कळलं पाहिजे.

चार. आपल्या सरकारने शिक्षक, नर्स, कामगार पाठवण्याचे करार करताना किती माणसं जाणार एवढ्यावर सही करून टाळ्या घेऊ नयेत. त्यांच्या वैद्यकीय तपासणीच्या अटी, खर्च कोणाचा आणि दाद कुठे मागायची, हेही करारात यायला हवं. परदेशात अडकलेल्या माणसाला दूतावासाने "ही स्थानिक बाब आहे" असं सांगून वाटेला लावायचं, हे चालणार नाही.

आणि जे जाणार आहेत त्यांच्यासाठी घरचा सल्ला. चालू औषधांची प्रिस्क्रिप्शन इंग्रजीत, डॉक्टरच्या सहीशिक्क्यासह जवळ ठेवा. तपासणीच्या आधी काही दिवस खसखस आणि कोडीनचं खोकल्याचं औषध टाळा. पॉझिटिव्ह आलं तर घाबरून कशावरही सही करू नका, पक्की चाचणी लेखी मागा. करार वाचल्याशिवाय एजंटाला दमडी देऊ नका.

मुलांच्या सुरक्षेचा मुद्दा मी सोडलेला नाही. मुलांना जपायचं तर शिक्षकाचा पूर्वेतिहास तपासा, जुन्या शाळेला फोन करा, वर्गाच्या दाराला काच लावा, मुलांना 'नाही' म्हणायला शिकवा, तक्रार करणाऱ्या पोराचं ऐकून घ्या. या सगळ्याला वेळ आणि मेहनत लागते. परक्याच्या हातात बाटली देणं सोपं असतं, आणि त्याने पालकांना काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. खरा गुन्हेगार मात्र त्या समाधानाच्या आडोशाला निवांत बसतो, मग तो परका असो की आपला.

आता कमेंटमध्ये या. "त्यांचा देश, त्यांचे नियम" लिहिणार असाल तर जरूर लिहा, पण सोबत एवढंही लिहा, की उद्या तुमच्या भाचीला दुबईत किंवा सोलमध्ये 'अनफिट' लिहून परत पाठवलं, तर तिलाही तुम्ही हेच वाक्य ऐकवाल का?